खोलीला कुलूप, आणि नाव खिडकीतून

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

मागच्या सोमवारी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात खिडकीतून माझं नाव आणि ‘एचआयव्ही’ एका दमात पुकारलं गेलं. शेजारच्या रांगेत गावचीच बाई होती. परतीच्या गारगोटी एसटीत ती माझ्या शेजारून उठून मागं जाऊन बसली. आता शाळेतल्या पालकांनाही कळलंय. आमच्या संमतीशिवाय हे कुणाला सांगायचं नाही, असा 2017 चा कायदा आहे. तो पाळायचा कुणी?

आमच्या समुपदेशक मॅडम कंत्राटी होत्या. त्या गेल्या. ‘दिवाळीनंतर नवीन माणूस येईल,’ असं सांगितलं गेलं. दिवाळी गेली, शिमगा झाला. खोलीला कुलूपच आहे.

नवरा गेला तेव्हा मी स्वतःला मेल्यात जमा धरलं होतं. मॅडमनी धीराचे चार शब्द ऐकवून वाटेला लावलं नाही. कागदाच्या मधोमध रेघ मारली आणि म्हणाल्या, ‘असं वाटतं ना, मग त्याला पुरावा लिहा. इकडं विरुद्ध पुरावा.’ विरुद्ध बाजूला मी लिहिलं: व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) तपासणीत सापडत नाही, पोरगी निगेटिव्ह, चौथीचा वर्ग माझ्याकडं आहे. ही मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांची रीत, हे मागाहून कळलं. नवऱ्याबद्दल बोलताना मात्र त्या नुसत्या ऐकायच्या, चूक कुणाची हे कधी विचारलं नाही. ती मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांची शिकवण. मानसोपचारतज्ज्ञ कुब्लर-रॉस यांचे 1969 चे पाच टप्पे, नकारापासून स्वीकारापर्यंतचे, त्या जपून वापरायच्या. ते मरणाच्या दारातल्या माणसांशी बोलून मांडलेले, आणि मला तर रोज गोळी घेऊन पोरीचं लग्न बघायचंय. कुणाला काय लागू पडतं, हे समोर बसल्याशिवाय कळत नाही, साहेब. पोस्टर लावून हे होत नाही.

2004 पासून सरकार गोळ्या फुकट देतं, त्याचे उपकार आहेत. पण मन खचलं की गोळी चुकते. नव्या माणसापुढं नवऱ्याचं मरण पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, म्हणून कितीजणी यायच्याच बंद झाल्या. आणि हे आमच्यापुरतं नाही. नर्स कंत्राटी, डॉक्टर कंत्राटी, अख्खं आरोग्य खातं उसन्या माणसांवर चालवताय. स्वागतकमानींना बरा पैसा मिळतो!

समुपदेशकाचं पद कायमचं भरा. दार लावून बोलता येईल अशी खोली द्या. त्या 2017 च्या कायद्यातला, आमची तक्रार ऐकणारा लोकपाल कुठं भेटतो, ते प्रत्येक केंद्रावर ठळक लिहा. आणि तारीख लेखी कळवा.

आपली,
एक शिक्षिका, भुदरगड तालुका
(सासरी अजून माहीत नाही, म्हणून नाव देत नाही.)