लाल पट्टीवाल्या प्रती सोडू नकोस

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पुन्हा पीएसटू, म्हणजे सोनीचं प्लेस्टेशन २, घेतलास आणि सुट्टीच्या दिवशी डॅलसमधली जुन्या गेम्सची दुकानं पालथी घालतोस, हे वाचून फार आनंद झाला. पण ‘ग्रेटेस्ट हिट्सची लाल पट्टी दिसली की मी ती प्रत परत ठेवतो’ हे वाक्य काही केल्या पचेना. ग्रेटेस्ट हिट्स म्हणजे खूप खपलेल्या गेम्सच्या पुन्हा काढलेल्या स्वस्त प्रती, आणि पीएसटूवर त्यांची खूण म्हणजे ती लाल पट्टी. म्हणून लगेच लिहायला बसलो.

ती पट्टी उगाच कुणालाही मिळत नव्हती. सोनीने १९९७ मध्ये अमेरिकेत ही मालिका सुरू केली, तेव्हा गेम बाजारात येऊन वर्ष झालेलं हवं आणि किमान दीड लाख प्रती खपलेल्या हव्यात, अशी अट होती. पीएसटूच्या वेळी ती चार लाखांवर गेली. निन्टेन्डोच्या अशाच मालिकेला, प्लेयर्स चॉइसला, तर दहा लाखांचा खप लागायचा. म्हणजे लोकांनी आधीच पूर्ण पैसे मोजून पसंतीची पावती दिलेली असायची.

आणि वेळ बघ कशी साधली होती. २९९ डॉलरला आलेलं प्लेस्टेशन त्याच १९९७ मध्ये १४९ डॉलरवर आलं. पीएसटूची किंमत २००२ मध्ये १९९ झाली, आणि पीएसटूचे ग्रेटेस्ट हिट्सही त्याच वर्षी आले. कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, स्वस्त झाला की जी नवी माणसं येतात, त्यांच्या खिशात प्रत्येक गेमसाठी पन्नास डॉलर नसतात. गेम बनवण्याचा खर्च तोवर वसूल झालेला असतो, डिस्क छापायला फारसं काही लागत नाही, त्यामुळे वीस डॉलरला विकूनही सगळ्यांचं भागतं. उशिरा आलेल्यांसाठी कुणीतरी पंगत पुन्हा मांडली, असं मला त्यात नेहमी वाटतं. आपणही त्याच पंगतीतले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉपी सीडींवर वाढलेल्या आपल्यासारख्यांच्या हातात पहिली ओरिजिनल डबी आली ती रुपेरी पट्टीची, म्हणजे आपल्याकडे मिळणाऱ्या अशाच स्वस्त मालिकेची, प्लॅटिनमचीच ना?

आता मुद्द्याची गोष्ट. काही गेम्सची पट्टीवाली प्रतच जास्त चांगली आहे. सायलेंट हिल २ हा भयकथेचा गेम घे. २००१ च्या पहिल्या अमेरिकन पीएसटू प्रतीत मारिया या पात्राचं छोटं प्रकरण नाही. ते आधी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर आलं आणि मग पीएसटूच्या ग्रेटेस्ट हिट्स प्रतीत घातलं गेलं. त्यात आपण मारिया होऊन त्या धुक्यातल्या गावात फिरतो, आणि मूळ कथेत ती भेटते तेव्हा तिच्याकडे बघण्याची नजरच बदलते. हे सोडून तू पहिल्या छपाईच्या, काळ्या पट्टीच्या प्रतीसाठी जास्त पैसे देणार?

दुसरी, स्पायरो : इयर ऑफ द ड्रॅगन. तुझ्या पीएसटूवर पीएसवनची, म्हणजे पहिल्या प्लेस्टेशनची, डिस्क चालतेच. पहिल्या प्रतीत काही लेव्हल्सना स्वतःचं संगीतच नाही, दुसरीकडचं वाजत राहतं. हिरव्या पट्टीच्या प्रतीत (पीएसवनच्या ग्रेटेस्ट हिट्सची पट्टी हिरवी) ते आलं आणि काही चुकाही दुरुस्त झाल्या. एक्सबॉक्सवर फेबल या गेमचंही तसंच : वाढवलेली ‘लॉस्ट चॅप्टर्स’ आवृत्ती २००५ मध्ये थेट प्लॅटिनम हिट्स, म्हणजे एक्सबॉक्सच्या अशाच मालिकेत आली.

तुझी एक तक्रार मात्र खरी आहे. पट्टीने चित्राचा एक भाग खाल्ला जातो, आणि काही प्रतींतलं माहितीपुस्तक कृष्णधवल असतं. मुखपृष्ठ ज्याला जिवापाड आवडतं, त्याने तेवढ्या एका गेमची पहिली छपाई जरूर शोधावी. पण शेल्फ एकसारखं दिसावं म्हणून चांगली डिस्क दुकानात सोडून येणं मला पटत नाही.

माझ्याकडच्या प्लॅटिनम प्रती तुला पाठवल्या असत्या, पण त्या पाल पद्धतीच्या (आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीच्या) आहेत, तुझ्या अमेरिकन मशिनवर चालणार नाहीत. तेव्हा तिथेच सायलेंट हिल २ आधी बघ. घेण्यापूर्वी डिस्क उजेडात तिरकी धर. मध्यापासून कडेकडे गेलेले बारीक ओरखडे सहसा त्रास देत नाहीत, पण ट्रॅकच्या दिशेने गोल गेलेला खोल ओरखडा दिसला तर ठेवून दे. मिळाली की कळव. आणि मारियाचं प्रकरण मूळ कथा संपल्यावरच खेळ, आधी नको.

वहिनींना नमस्कार, चिंटूला गोड पापा.

तुझाच,
अभय