अकराव्या क्रमांकाच्या चाहत्यांकडून गुणलेखकास

स. न. वि. वि.

दोन-तीन सामने खेळून संघाबाहेर गेलेले, आणि ते खेळायला निघाले की प्रेक्षक डबे आवरायला घेतात असे शेवटचे फलंदाज, यांचे आम्ही चाहते. शतकवीराची खेळी लोकांच्या तोंडी राहते. आमच्या माणसाचं जे काही उरतं ते सामन्याचा चेंडूगणिक हिशेब ठेवणाऱ्या तुमच्या वहीत, म्हणून हे पत्र.

न्यूझीलंडचा ख्रिस मार्टिन घ्या. ७१ कसोट्यांत २३३ बळी, तेव्हा गोलंदाज म्हणून कुणी नावं ठेवणार नाही. आमचा जीव मात्र त्याच्या फलंदाजीवर: १०४ डाव, १२३ धावा, सरासरी २.३६. तीही ५२ वेळा नाबाद राहिल्यामुळे, कारण १२३ ला भागायचं ते बाद झालेल्या ५२ डावांनी. त्यातला एक नाबाद चुकून बाद लिहिला गेला असता, तर सरासरी २.३२. धावचीत झाल्यावर दोघांपैकी नेमका कोण बाद, हे तुम्ही पंचांकडून पक्कं करून घेता ते अशा माणसाला फार लागतं. तेंडुलकरला काय फरक पडणार?

लेग बायचं तर विचारूच नका. चेंडू पॅडला लागून गेला, एक धाव पळाली, पंचांनी गुडघा उचलून त्याला हात लावला आणि तुमची मान वहीत असली, तर ती धाव फलंदाजाच्या नावावर चढते. आणि ताळा तरीही जुळतो! फलंदाजाची एक वाढली, अवांतर एक घटली, एकूण तेवढेच. गोलंदाजाने दिलेल्या धावांत एक वाढली, लेग बायमध्ये एक कमी झाली, ती बाजूही बरोबर. ही चूक बेरजेत सापडत नाही, शेजारी बसलेल्या दुसऱ्या गुणलेखकाच्या वहीशी पडताळलं तरच सापडते. म्हणून तुमची ती षटकागणिक चाललेली कुजबुज आम्हाला प्यारी. पंचांच्या इशाऱ्याला तुम्ही खूण करून पोच देता आणि तोवर खेळ थांबतो, तेही उगाच नाही. १२३ मधली एक धाव म्हणजे थोडी नव्हे.

भारताचा फिरकी गोलंदाज नीलेश कुलकर्णी याचं पान आम्ही पुन्हा पुन्हा काढून बघतो. कोलंबो, १९९७. कसोटीतल्या पहिल्याच चेंडूवर त्याने मर्वन अटापट्टूला बाद केलं. मग जयसूर्या आणि महानामाची ५७६ धावांची भागीदारी, श्रीलंका ६ बाद ९५२. कुलकर्णी: ७० षटकं, १२ निर्धाव, १९५ धावा, १ बळी. पुढे कारकीर्द तीन कसोट्यांची, बळी दोन. वरवर बघणाऱ्याला ‘१९५ धावांत १’ दिसतं. आम्हाला त्यातली ती १२ निर्धाव दिसतात. प्रत्येकासाठी कुणीतरी चौकटीत तीन-तीनच्या दोन ओळींत सहा टिंबं दिली आणि ती जोडून ‘मेडन’चा, म्हणजे निर्धाव षटकाचा, एम काढला. तिसऱ्या दिवशीच्या उन्हातही तुमचा हात आखडत नाही, हे कौतुक.

नावांचंही तसंच. नाणेफेकीआधी मिळालेल्या यादीत एकाच आडनावाचे दोघे असले आणि आद्याक्षरं लिहायची राहिली, तर झेल भावाच्या खात्यात जातो. नामवंताचा झेल कुणीतरी दुरुस्त करून घेतो. आमच्यासाठी भांडणारं कोण?

आणि कंसाबद्दल खास आभार. इंग्लंडमधलं ट्रेंट ब्रिज मैदान, २००५: ऑस्ट्रेलियाचा कर्णधार रिकी पाँटिंग ४८ वर धावचीत. फेक होती गॅरी प्रॅटची, बदली क्षेत्ररक्षकाची. तो कसोटी कधीच खेळला नाही, त्यामुळे कसोटीपटूंच्या यादीत त्याला शोधून उपयोग नाही. तो सापडतो पाँटिंगच्या ओळीत, कंसात. नुसतं ‘बदली’ लिहूनही धावफलक पूर्ण झाला असता.

आपले,
शेवटचा गडी बाद होईपर्यंत न उठणारे