'अधीन राहून' म्हणजे नेमके किती रुपये?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी आमच्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेत अहवालाची पुस्तिका हाती पडली. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत 'ऑडिट वर्ग अ'. आत लेखापरीक्षकांच्या दाखल्यात एक लांबलचक वाक्य : 'सोबतच्या शेऱ्यांस अधीन राहून ताळेबंद संस्थेची खरी व योग्य स्थिती दर्शवितो.' शेरे पार शेवटी, बारीक टायपात. त्यातला सातवा : थकीत कर्जांवरील तरतूद, म्हणजे बुडू शकणाऱ्या कर्जांसाठी नफ्यातून बाजूला काढायची रक्कम, 64 लाख रुपयांनी कमी. पत्रकात नफा दाखवला होता 41 लाख. तरतूद पुरती केली असती तर संस्था 23 लाखांनी तोट्यात गेली असती. आम्ही मात्र टाळ्या वाजवून लाभांश मंजूर केला. मी घरी येऊन रात्री तो शेरा वाचला.

लेखापरीक्षकांनी आकडा लपवला नाही, हे मान्य. पण 'अधीन राहून' वाचून कोण दचकतो? सरकारी कागदांत ते पानोपानी असते. सनदी लेखापालांच्या संस्थेचे लेखापरीक्षण मानक 705 नेमके हेच सांगते : आक्षेपासह मत देताना 'सब्जेक्ट टू', म्हणजे 'अधीन राहून', लिहू नये, कारण ते पुरेसे स्पष्ट वा ठाम नाही. 'एक्सेप्ट फॉर', म्हणजे 'एवढी बाब सोडून', असे लिहावे, आक्षेपाचे कारण स्वतंत्र मथळ्याखाली द्यावे आणि शक्य असेल तिथे त्याची रक्कमही सांगावी. अशा मताला इंग्रजीत 'क्वालिफाइड' म्हणतात, तोही शब्द फसवा. आमच्या शेजारच्या निवृत्त कंडक्टरांना वाटले, संस्था पात्र ठरली. त्यांचे काय चुकले?

पतसंस्थेतील ठेवींना बँकेप्रमाणे 5 लाखांपर्यंतचे विमा संरक्षण नसते. तिथे निवृत्तीचा पैसा ठेवणाऱ्याला सावध करणारा कागद हाच, आणि तोच असा पुटपुटतो.

पुण्याच्या सहकार आयुक्तांना विनंती आहे. आक्षेपाची रक्कम आणि त्यामुळे नफ्यात पडणारा फरक मुख्य दाखल्यातच, सोप्या मराठीत लिहिणे बंधनकारक करावे. 'अ वर्ग' छापायचा तर त्याच पानावर हे दोन आकडेही छापावेत. यंदाची सभा 30 सप्टेंबरच्या आत होईल. लाभांशाचा विषय येण्याआधी सगळे शेरे मोठ्याने वाचावेत, असे लेखी पत्र मी संस्थेला दिले आहे.

- एक ठेवीदार सभासद, कराड