काउआईच्या झाडांच्या शेंड्यांवरून

लिहुए, काउआई

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. हवाईच्या प्रवासात काउआई बेटावर झिपलाइनसाठी, म्हणजे दरीवर बांधलेल्या उतरत्या तारेवरून लटकून घसरत जाण्यासाठी, अर्धा दिवस राखून ठेवावा की तोही समुद्रकिनाऱ्यावरच घालवावा, असे तू विचारले आहेस, आणि त्या प्रश्नाच्या आडून भीती किती वाटते हेही विचारले आहेस. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते: राखावा. दुसऱ्यासाठी मात्र जरा सविस्तर लिहावे लागेल.

तारेवर एकदा निघाल्यानंतर घाबरायला सवडच मिळत नाही. जी काही भीती वाटते ती मचाणावर, आपली पाळी येईपर्यंत. झाडाच्या खोडाभोवती किंवा उंच खांबावर बांधलेल्या त्या लाकडी मचाणावर आठ-दहा माणसे दाटीने उभी असतात, प्रत्येकाचा दोर डोक्यावरच्या पोलादी तारेला अडकवलेला असतो, आणि पुढचा माणूस निघून गेला की तारेवरून धावणाऱ्या त्याच्या चाकांच्या ट्रॉलीचा आवाज आधी तीव्र होतो, मग दरीत विरत जातो. तो आवाज थांबला, म्हणजे पलीकडचा पोहोचला आणि आता आपण. या दोन-चार मिनिटांत मन नको त्या गोष्टींचा हिशेब मांडत बसते. त्यावर आमच्या मार्गदर्शक तरुणीने सांगितलेला उपाय मला फार उपयोगी पडला: उडी मारायची नाही, फक्त बसायचे. मचाणावर उभे असतानाच गुडघे वाकवून आपले सगळे वजन हार्नेसवर, म्हणजे अंगाला बांधलेल्या पट्ट्यांवर, सोडायचे, तो आपल्याला पेलतो याची खात्री शरीराला पटू द्यायची, आणि नंतर नुसते पाय उचलायचे. उतार पुढचे काम करतो.

साहित्याबद्दल तुला कुतूहल असेलच, म्हणून लिहितो. कमरेला आणि मांड्यांना आवळून बसणारा हार्नेस, डोक्यावर हेल्मेट, आणि तारेवरून धावणारी दोन चाकांची ट्रॉली. हार्नेस ट्रॉलीला कॅराबिनरने, म्हणजे उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीने, जोडतात. त्याखेरीज दुसरा एक स्वतंत्र दोर तारेशी जोडलेला असतो, जेणेकरून एक जोड निकामी झाला तरी माणूस लटकलेलाच राहावा. मचाणावर तारेवरून उतरवून दुसऱ्या तारेवर चढवतानाही आपण क्षणभरसुद्धा मोकळे नसतो. आधी नवा दोर अडकवतात आणि मगच जुना सोडतात. या अडकवण्या-सोडण्याला आपण हात लावायचा नसतो. हे सारे मार्गदर्शकच करतात, प्रत्येक वेळी एकमेकांना मोठ्याने सांगून. पहिल्यांदा ते ऐकताना मला जरा नाटकी वाटले, पण तिसऱ्या तारेपर्यंत मी स्वतःच ते शब्द ऐकू येण्याची वाट पाहू लागलो होतो.

तू भौतिकशास्त्राचा माणूस, तेव्हा तारेचा आकार तुला आवडेल. ती ताणलेली दिसली तरी सरळ नसते. स्वतःच्या आणि आपल्या वजनाने मधे झोळ घेते. त्यामुळे सुरुवातीला उतार तीव्र लागतो, मध्याच्या पुढे कमी होतो आणि शेवटी थोडा चढ येऊन वेग आपोआप मंदावतो. वीस मीटर खाली उतरताना घर्षण आणि हवेचा रोध नसता तर ताशी सत्तर किलोमीटरचा वेग आला असता. प्रत्यक्षात तो बराच कमी भरतो. इथे भारी माणूस हलक्यापेक्षा वेगाने जातो, कारण हवेचा रोध दोघांना साधारण सारखाच असला तरी त्याला तोंड देणारे वजन सारखे नसते. म्हणून निघण्यापूर्वी सगळ्यांना वजनकाट्यावर उभे करतात, आणि वजनाच्या किमान व कमाल मर्यादेबाबत कोणाचीही भीड ठेवत नाहीत. समोरून वारा असला तर पाय पोटाशी घेऊन अंग गोळा करायला सांगतात.

थांबण्याच्या दोन पद्धती मी पाहिल्या. जुन्या पद्धतीत जाड चामड्याचा हातमोजा घालून आपणच तार दाबायची. हात नेहमी ट्रॉलीच्या मागे ठेवायचा, पुढे चुकूनही नाही. तार ओली असेल तर अशी पकड कमी चालते, आणि काउआईवर तार कोरडी असण्याचे दिवस मोजकेच. नव्या पद्धतीत टोकाशी चुंबकीय ब्रेक असतो. चुंबकांमधून धातूचा भाग वेगाने फिरला की त्यात भोवरी प्रवाह, म्हणजे धातूतच गोल फिरणारे विजेचे प्रवाह, निर्माण होतात आणि तेच गतीला विरोध करतात. यात घासून झिजणारे काही नाही, आणि जितक्या जोरात यावे तितका विरोध अधिक. मला ही दुसरी पद्धत मनापासून पटली, कारण मग डोळे हातावर न राहता झाडांवर राहतात.

आणि झाडांसाठीच जायचे आहे, माधव. माणसाने पर्जन्यवनाच्या माथ्यावर दोर बांधले ते मुळात अभ्यासासाठी. 1970च्या दशकात कोस्टा रिकाच्या जंगलात डोनाल्ड पेरी हे जीवशास्त्रज्ञ दोरांच्या आधारे शेंड्यांपर्यंत चढून तिथली जीवसृष्टी न्याहाळत असत, कारण त्या वनांचे बरेचसे आयुष्य जमिनीवर नव्हे तर वर घडते. सहलींचा धंदा मागाहून आला. म्हणूनच की काय, आमच्या फेरीतली सर्वांत लांब तार, जिची जाहिरात सर्वांत मोठी होती, ती मला सर्वांत नीरस वाटली. इतक्या उंचीवरून रान म्हणजे नुसता हिरवा रंग उरतो. त्याआधीची एक आखूड तार मात्र ओढ्यावरून दोन कुकुई झाडांच्या मधून जात होती. कुकुई म्हणजे आपण ज्याला जंगली अक्रोड म्हणतो तो. त्याची कोवळी पाने पिठूळ, रुपेरी असतात, त्यामुळे वरून पाहताना गर्द रानात तेवढेच झाड वेगळे ओळखू येते. ते माझ्या खांद्याला घासून गेल्यासारखे इतक्या जवळून गेले.

त्या कुकुईवरूनच एका गोष्टीकडे माझे लक्ष गेले. वरून आदिम वाटणारे ते रान बरेचसे माणसाने आणलेले आहे. कुकुई प्राचीन पॉलिनेशियन दर्यावर्दींनी होड्यांतून आणले. छत्रीसारखे पसरलेले उंच अल्बिझिया आपल्या शिरीषाच्या कुळातले. ते वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ रॉक यांनी 1917मध्ये हवाईत आणले. ते झपाट्याने वाढते, पण लाकूड ठिसूळ, त्यामुळे वादळात फांद्या मोडून पडतात. शेंदरी फुलांचा स्पॅथोडिया तर आफ्रिकेतून आलेला. अस्सल इथला ओहिया लेहुआ मात्र प्रामुख्याने डोंगरात उरला आहे, आणि त्यालाही बुरशीच्या एका जीवघेण्या रोगाने गाठले आहे. काउआईवर तो रोग 2018मध्ये आढळला. म्हणून रानात शिरताना आणि बाहेर पडताना बुटांची माती ब्रशने झाडून काढण्याचा आग्रह धरतात. त्याचा कंटाळा करू नकोस.

मचाणांपर्यंत नेणाऱ्या कच्च्या वाटा एके काळच्या उसाच्या मळ्यांतून जातात. हवाईतला पहिला यशस्वी साखर मळा याच बेटावर कोलोआ येथे 1835मध्ये उभा राहिला, लिहुएचा मळा 2000मध्ये बंद पडला आणि बेटावरचा शेवटचा मळा 2009मध्ये. उसासाठी डोंगराचे पाणी वळवून आणणारे पाट आणि बोगदे अजून दिसतात. पाण्याला तोटा नव्हता. बेटाच्या मध्यभागी असलेला वाइआलेआले पर्वत जगातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे, आणि त्याच पावसाने पन्नास लाख वर्षांच्या या बेटाला इतके कोरले की तारा बांधायला दऱ्याच दऱ्या आहेत. मळ्यांतल्या उंदरांवर उतारा म्हणून 1883मध्ये हवाईत मुंगूस आणले गेले, पण काउआईवर त्यांचा जम बसला नाही. तू गेलास की जिथे-तिथे, अगदी हार्नेस बांधण्याच्या छपरीखालीसुद्धा, निर्धास्त फिरणाऱ्या कोंबड्या दिसतील, त्याचे हे एक कारण.

आता नेण्या-घालण्याचे. बंद बूट हवेत, सपाता चालत नाहीत. चष्म्याला दोरी बांध. मोबाइल खिशात ठेवू नकोस. दरीत पडलेला शोधायला कोणी उतरत नाही. सरींनी भिजशील हे धरूनच जा. पावसात फेऱ्या चालू राहतात, वीज किंवा जोराचा वारा असेल तरच थांबवतात. शक्य तर सकाळची वेळ घे, तेव्हा वारा सहसा कमी असतो.

चिन्मयीला न्यावे का, हे तू लिहिले नाहीस, पण तेच तुझ्या मनात असणार. तिचे वजन किमान मर्यादेत बसते का ते आधी विचारून घे. हलकी मुले कधीकधी टोकाच्या अलीकडेच थांबतात आणि तारेच्या झोळाकडे हळूहळू मागे घसरतात. मग मार्गदर्शक तारेवरून हातांनी ओढत त्यांच्यापर्यंत जातो आणि ओढतच परत आणतो. आमच्या गटातली एक मुलगी अशी मधोमध थांबली होती, आणि तिला सोडवायला कोणी इतक्या लवकर यावे हेच तिला आवडले नव्हते. चिन्मयीचेही तसेच होईल असे मला वाटते. मला काळजी वाटते ती तुझीच. तू तिच्या आधी जा, म्हणजे ती निघताना तुला मचाणावर उभे राहून पाहावे लागणार नाही.

वहिनींना सविनय नमस्कार, चिन्मयीस अनेक आशीर्वाद. तारीख ठरली की कळव.

तुझा,
श्रीधर