गोल्फ क्लब, गोल्फ ग्राउंड आणि गोल्फ कोर्स

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात 'गोल्फ ग्राउंडवर १८ खड्डे' असं हेडिंग होतं, चहा पिता पिता वाचलं आणि मला वाटलं पाइपलाइनसाठी परत खोदकाम काढलं की काय, खाली वाचल्यावर कळलं की बातमी स्पर्धेची आहे.

अहो, त्याला गोल्फ कोर्स म्हणतात. शिकायचा कोर्स नाही, खेळत खेळत जायचा मार्ग. क्रिकेटची पिच कुठेही गेलात तरी २२ यार्डच, पण गोल्फ कोर्सला असं ठरलेलं माप नाही, जमीन असेल तसा तो पसरतो, १८ होलचा असेल तर शंभर-दीडशे एकर सहज. आणि होल म्हणजे नुसता खड्डा नव्हे. खड्डा असतो जेमतेम सव्वाचार इंचाचा, पण पहिला फटका मारायची जागा म्हणजे टी, तिथपासून फेअरवे म्हणजे कापलेल्या गवताची वाट, अडथळा म्हणून ठेवलेले वाळूचे बंकर, शेवटी ग्रीन म्हणजे अगदी बारीक कापलेली हिरवळ आणि त्यातला तो खड्डा, हा सगळा, कुठे दीडशे तर कुठे पाचशे यार्डांचा, पट्टा मिळून एक होल! असे १८. हा आकडाही काही आकाशातून पडला नाही, स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला आधी २२ होल खेळायचे, १७६४ मध्ये काही होल एकत्र केले आणि १८ झाले, पुढे सगळीकडे तेच रूढ झालं.

'क्लब'चा घोळ तर विचारूच नका. बॉल मारायची काठी पण क्लब, मेंबर लोकांची संस्था पण क्लब आणि आमच्या नाशकात तर आख्खं मैदानच गोल्फ क्लब! नाव आहे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, तिथे रणजीच्या मॅच होतात, सकाळी लोक जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या मारतात, गोल्फ कुणी खेळत नाही, पण रिक्षावाल्याला 'कान्हेरे मैदान' सांगितलं तर तोच विचारतो, "गोल्फ क्लब ना?" ज्याने नाशकाच्या इंग्रज कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली त्या पोराच्या नावाच्या मैदानाला आपण अजून साहेबाच्या खेळाच्या नावाने हाक मारतो, हे मला तरी खटकतं. निदान पेपरात तरी कान्हेरे मैदान छापा.

माझा पुतण्या गोल्फ खेळतो. पहिल्यांदा नाशकात आला तेव्हा स्टेशनवरून थेट खेळायला जायचं म्हणून रिक्षावाल्याला म्हणाला गोल्फ क्लब. अर्ध्या तासाने त्याचा फोन, "काका, इथे टेनिस बॉलची मॅच चालू आहे आणि माझी बॅग बघून एकजण विचारतोय, हॉकीवाले का तुम्ही?"

आपला,
एक जुना वाचक, नाशिक