टोलुंडचा माणूस

सिल्केबोर्ग, डेन्मार्क
१४ जून

प्रिय सुलू,

सप्रेम नमस्कार.

संध्याकाळी बोलता बोलता माझा गळा दाटून आला आणि मी फोन ठेवून दिला. काळजी करू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. आज इथल्या संग्रहालयात एका माणसाला बघून आले. ‘टोलुंडचा माणूस’ म्हणतात त्याला. त्याला जाऊन चोवीसशे वर्षं झाली.

इथून दहाएक किलोमीटरवर ब्येल्सकोव्हडालची दलदल आहे. शेवाळाचे थरावर थर साचून तिथे पीट तयार होतं. पूर्वी लोक ते विटांसारखं कापून, वाळवून चुलीत जाळायचे. मे १९५० मध्ये हॉयगार्ड भाऊ पीट कापत असताना अडीच मीटर खाली त्यांना माणसाचा चेहरा दिसला. तो इतका ताजा होता, की अलीकडेच खून झालाय असं समजून पोलिसांना कळवलं गेलं! त्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, थंडी असते आणि स्फॅग्नम शेवाळामुळे आंबटपणा उतरतो. त्यामुळे कातडी कमावलेल्या चामड्यासारखी काळीभोर होऊन टिकते, हाडं मात्र मऊ पडतात.

सुलू, त्याच्या हनुवटीवर दाढीचे खुंट आहेत. कपाळावर आठ्या. डोळे मिटलेले, ओठ हलकेच जुळलेले, डोक्याला मेंढीच्या कातड्याची टोपी. दुपारी जेवून आडवा झालेला एखादा मामाच वाटावा. मग नजर गळ्याकडे गेली. तिथे चामड्याचा विणलेला फास आहे. त्याला फाशी दिलं होतं.

पण फाशी गेलेल्या माणसाचा चेहरा असा शांत राहत नाही. नंतर कुणीतरी त्याचे डोळे मिटले, तोंड मिटलं आणि पाय पोटाशी घेऊन त्याला कुशीवर निजवलं, असं इथले अभ्यासक मानतात. त्या काळी तिकडेही मृताला अग्नीच देत आणि अस्थी पुरत. याला मात्र अख्खाच दलदलीच्या स्वाधीन केला, म्हणून तो देवाला दिलेला बळी असावा असं म्हणतात. मला तेही पटतं. पण माझं मन अडकलंय ते त्या डोळे मिटणाऱ्या हातात. बाबा गेले तेव्हा काकूंनी तळव्याने त्यांचे डोळे मिटले होते, आठवतं? तू शेजारीच होतीस.

त्याचं शेवटचं जेवणही आतड्यात सापडलं. सातू, जवस आणि रानातल्या तणाचं बी यांची पेज, सोबत मासे. पेज बुडाला थोडी लागली होती, हे २०२१ च्या अभ्यासात कळलं. करपलेल्या पेजेचा वास मला दिवसभर सोडत नाहीये. कुणीतरी ती रांधली, त्याला वाढली, आणि दिवसभरात तो गेला.

एक गोष्ट लागली मनाला. १९५० च्या दशकात मुख्यतः त्याचं डोकंच नीट जतन केलं. धड सुकून गेलं, आता डोक्याखाली दिसतं ते धड म्हणजे नमुना. त्याच दलदलीत १९३८ साली सापडलेली एक बाईही याच संग्रहालयात आहे. तिलाही फाशीच. पाठीवर लांब वेणी, अजून घट्ट.

तुला दाखवायला फोटो घ्यावा म्हणून मोबाइल काढला होता. पण निजलेल्या माणसाचा फोटो घेववेना. पर्समध्ये ठेवून दिला आणि तशीच उभी राहिले, बंद करायची वेळ होईपर्यंत.

तुझीच,
वसू