स्लॅबला पुरेसे पाणी मिळू द्या

संपादक महोदय,

पुण्याच्या आसपास स्वतःच्या देखरेखीखाली घर बांधणारी अनेक कुटुंबे फरशी आणि रंग यांचा जितका विचार करतात, तितका स्लॅबवर पाणी मारण्याचा करत नाहीत, ही चिंतेची बाब आहे. काँक्रीटच्या कामासाठीच्या भारतीय मानक ४५६ नुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि सर्रास मिळणाऱ्या पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस ओलावा हवा. कोरड्या, कडक उन्हात हाच काळ अनुक्रमे १० व १४ दिवसांचा होतो. टँकर विकत घ्यावा लागला तरी येथे काटकसर नको.

सौर बंबाचे पाइप प्लॅस्टरपूर्वीच टाकावेत. ते सीपीव्हीसीचे (गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकचे) असावेत आणि त्यांवर उष्णतारोधक आवरण घालावे, अन्यथा हिवाळ्यात गच्चीवरचे पाणी न्हाणीघरात पोहोचेपर्यंत कोमट होते.

आपला,
एक वाचक, धायरी, पुणे